ते छायाचित्र नव्हतं, चित्र होतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘चाळीस प्रकाशवर्षांवरच्या सात पृथ्व्या’ हा लेख आला. लेखाला जागा पाव पान आणि चित्राला अर्धं. आकाशात मोठा लाल सूर्य, खाली निळं पाणी, काठाला बर्फ आणि वर टांगल्यासारखे दोन-तीन गोळे. चित्राखाली बारीक टायपात ओळ होती : ‘छायाचित्र : नासा’.

मिरजेत माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी वडील चालवायचे, आता मी. हल्ली लग्नं आणि पासपोर्ट फोटोंवर भागत नाही, म्हणून सीसीटीव्ही बसवायची कामंही घेतो. सोमवारी सकाळी शेजारचा पानपट्टीवाला पुरवणी घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, “काय वो कॅमेरा असंल ह्यो! एवढ्या लांबचं पाणी दिसतंय. आन् तुमचा पोरीच्या लग्नातला फोटो धा फुटांवरनं हललाय.” तो फोटो खरंच हलला होता, त्याबद्दल वाद नाही. पण पुरवणीतलं ते छायाचित्र नाही, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी तो म्हणाला, “मग पेपरात छायाचित्र का लिवलंय?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हे पत्र.

आमच्या धंद्यात छायाचित्र कशाला म्हणायचं हे सरळ आहे. वस्तूवरून निघालेला उजेड भिंगातून आत आला आणि फिल्मवर किंवा सेन्सरवर पडला, तर ते छायाचित्र. लेखातल्या सात पृथ्व्या म्हणजे ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती फिरणारे सात ग्रह, आणि त्यांपैकी एकाचाही असा फोटो आजवर कुणाकडे नाही. ठिपकासुद्धा नाही. जे छापलंत ते चित्रकाराने मोजमापांवरून कल्पनेने रंगवलेलं आहे, आणि नासा असल्या चित्राखाली तसं स्पष्ट लिहिते. ती ओळ आपल्याकडे येता येता गळाली.

फोटो का निघत नाही हे सांगतो. त्या सातांपैकी ‘ई’ नावाचा ग्रह आपल्या ताऱ्यापासून साधारण चव्वेचाळीस लाख किलोमीटरवर फिरतो. चाळीस प्रकाशवर्षांवरून बघताना हे अंतर किती दिसेल? मिरजेतून नागपूरचा झिरो माइलचा खांब सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. त्या खांबावर दोन ठिपके पाऊण सेंटिमीटर अंतराने काढले आणि ते मिरजेतून वेगळे ओळखायचे ठरवले, तर तेवढंच. त्यात एक ठिपका दिवा आणि दुसरा नुसती धूळ. हे ऐकल्यावर पानपट्टीवाला गप्प झाला.

मग हे ग्रह सापडले कसे? लेखात त्याला एकच वाक्य होतं : ‘दुर्बिणीच्या साहाय्याने शोध लागला.’ म्हणजे लग्नाच्या वृत्तांतात ‘स्वयंपाकघराच्या साहाय्याने जेवण झाले’ असं लिहिण्यातला प्रकार.

८ जून २००४ ला शुक्र सूर्यासमोरून गेला होता, ते अनेक वाचकांना आठवत असेल. वेल्डिंगची चौदा नंबरची काच लावून आम्ही स्टुडिओच्या गच्चीवर दुपारभर उभे होतो. सूर्याच्या थाळीवर काळा मणी सरकत होता. तो मणी सूर्याचा हजारातला साधारण एक भाग झाकत होता. त्या दिवशी ऊन कमी झाल्याचं कुणाला जाणवलं का? मलाही नाही, आणि माझं पोट उजेड मोजण्यावर चालतं. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह मात्र याच युक्तीने शोधतात. तारा बघत बसायचं, त्याचा उजेड किंचित उतरला, थोड्या वेळाने भरून आला आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तर समजायचं की पुढून काहीतरी फिरतंय.

आता यात छोटा तारा का निवडायचा? घरात करून बघण्यासारखं आहे. वीस सेंटिमीटरची ताटली म्हणजे सूर्य धरा. त्या मापाने पृथ्वी मोहरीएवढी होते. ताटलीसमोरून मोहरी गेली तर उजेड बारा हजारात एक भाग कमी होतो. जमिनीवरून, हलत्या हवेतून तेवढं मोजणं जवळजवळ अशक्य. आता ताटलीच्या जागी छोटा आवळा ठेवा. ट्रॅपिस्ट-१ त्या मापाने तेवढाच आहे, गुरू ग्रहापेक्षा थोडा मोठा. मोहरी तीच, पण आवळ्यापुढून गेली की दीडशेत एक भाग उजेड जातो. हे पकडता येतं. शिवाय मंद ताऱ्याची ऊब मिळायची तर ग्रहाने अगदी शेकोटीला बसल्यासारखं जवळ असावं लागतं, आणि जवळ असला की फेरी लवकर संपते. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना बघायची तर परत वर्षभर थांबा. इथला सगळ्यात आतला ‘बी’ ग्रह दर दीड दिवसाने येतो आणि छत्तीस मिनिटांत समोरून निघून जातो.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या मिकाएल जियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच हिशेब केला. बाकीचे सूर्यासारख्या ताऱ्यांमागे होते तेव्हा यांनी अतिशीत बटू, म्हणजे छोट्या, थंड आणि मंद ताऱ्यांची यादी केली. दुर्बीण केवढी? आरसा साठ सेंटिमीटर. चिलीमध्ये ला सिया इथं ती बसवली आहे आणि तिचंच नाव ट्रॅपिस्ट. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, आणि बेल्जियमच्या मठांतली प्रसिद्ध बिअरही याच नावाची. त्यांच्या पुढच्या प्रकल्पाचं नाव स्पेक्युलूस, म्हणजे तिकडचं मसालेदार बिस्किट. आमच्या भागात असा प्रकल्प निघाला तर ‘भडंग’ नाव ठेवायला हरकत नाही.

या ताऱ्याचं मला खास वाटतं ते त्याचं तापमान. आमच्या कॅमेऱ्यात उजेडाचा रंग केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या मापात लावतात. दुपारचं ऊन साडेपाच हजार, घरातला जुना तारेचा बल्ब सत्तावीसशेच्या आसपास. ट्रॅपिस्ट-१ चं तापमान २,५६६ केल्विन मोजलंय, म्हणजे झिरोच्या बल्बमधली तार तापते जवळपास तेवढंच! त्यामुळे तिथं उभं राहिलं तर तो तुमच्या चित्रासारखा कुंकवागत लाल दिसणार नाही, रात्री देवघरात जळणाऱ्या बल्बसारखा पिवळट-नारिंगी दिसेल, असा माझा धंद्यातला अंदाज आहे. आणि बल्बसारखंच याचंही बहुतेक भांडवल डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत जातं. पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात, आम्ही सीसीटीव्हीवाले आयआर. रात्री कॅमेऱ्याभोवती जे बारीक लालसर दिवे मिणमिणतात तेच. माणसाला अंधार दिसतो, कॅमेऱ्याला अंगण दिसतं. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात फिकट ताऱ्यापेक्षा हा लाखाहून जास्त पट मंद आहे, पण आयआरमध्ये तो बराच उजळतो.

वडिलांच्या डार्करूममध्ये लाल दिवा असायचा. ब्रोमाइडचा कागद लालला आंधळा, म्हणून त्या दिव्यात तो जळत नसे. खगोलशास्त्राच्या सुरुवातीच्या फोटोप्लेटाही अशाच, निळ्याला हपापलेल्या आणि लालला आंधळ्या. असे तारे आपल्या आजूबाजूला भरपूर असूनही दिसले नाहीत ते यामुळेही. ट्रॅपिस्ट-१ आपल्या यादीत आला तो थेट १९९९ च्या सुमारास, सगळं आकाश आयआरमध्ये टिपणाऱ्या एका पाहणीत. आज त्याचा जो उजेड पोचतोय तो निघाला तेव्हा वडील त्याच लाल दिव्याखाली आमच्या गल्लीतल्या बारशांचे फोटो धूत होते.

हे सगळं वाचून मी गप्प बसलो नाही. भाचा बीएस्सीला आहे, त्याला धरलं. स्टुडिओत एक दुधी झिरोचा बल्ब लावला आणि त्याच्यासमोर काळ्या दोऱ्याला ज्वारीचा दाणा टांगला. बल्ब साडेचार सेंटिमीटरचा, दाणा त्याच्या तेराव्या भागाएवढा, म्हणजे ‘बी’ ग्रहाच्या जवळपास. दाणा हळूहळू पुढून न्यायचा, व्हिडिओ करायचा आणि भाच्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर प्रत्येक फ्रेमचा उजेड मोजायचा. पहिल्या दिवशी आलेख बघून हसूच आलं. तो नुसता उड्या मारत होता. कारण साधं. आमच्याकडे संध्याकाळी पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडतं. ज्वारीच्या दाण्याने जेवढा उजेड झाकला त्याच्या दसपट गिरणीने खाल्ला. गिरणीतही ज्वारीच दळत होते, तो भाग वेगळा.

उपाय भाच्याने सांगितला आणि तो दुर्बिणीवालेही करतात. फ्रेममध्ये आणखी दोन बल्ब लावायचे. तिघं एकदम मंद झाले तर दोष लाइनचा. दोन जागेवर आणि एकच उतरला, तर त्याच्यापुढून काहीतरी गेलं. लग्नाच्या मांडवात आम्ही हेच करतो, एक माळ मंद झाली तर माळ बघायची, सगळ्या झाल्या तर जनरेटर बघायचा. दुर्बिणीवाले शेजारचे तारे घेतात. दुसऱ्या दिवशी आमचा खड्डा दिसला. सपाट रेघ, मग शंभरात अर्ध्याच्या आसपास उतार, थोडा सपाट तळ, पुन्हा चढ. मला खड्ड्याचा एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता, आणि मी रोज स्टेशन रोडने येतो-जातो. मध्येच एक खोल खड्डा आला, तो डास निघाला. म्हणून एकदाच दिसलेल्या खड्ड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हेही कळलं.

खऱ्या आकाशात अडचणी याहून वाईट. शेजारचे तारे पांढरे-निळसर आणि आपला तारा बल्बच्या रंगाचा. हवेतली वाफ आयआर पिते. त्यामुळे रात्रीत दमटपणा वाढला की आपला तारा शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या प्रमाणात मंद होतो आणि खोटा खड्डा दिसतो. म्हणून या दुर्बिणी कोरड्या उंच जागी असतात. तारा स्वतःही साधासुधा नाही. त्याच्यावर डाग आहेत, मधूनच भडका उडतो. लेन्सवरचा डाग आणि चेहऱ्यावरचा तीळ वेगळा ओळखताना आमच्यातले भले भले चुकतात, इथं तर चेहराच दिसत नाही.

आता माझी खरी तक्रार, जिच्यासाठी एवढं लांबलं. ‘नासाने शोध लावला’ असं लेखात तीनदा आलंय. मे २०१६ मध्ये या ताऱ्याभोवतीचे पहिले ग्रह जाहीर झाले ते जियों यांच्या शोधनिबंधात. चिलीत सकाळ झाली की तारा हातचा जातो आणि ग्रह काही दिवस-रात्र बघून फिरत नाही. म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या दुर्बिणींची गरज लागते. त्यांतली एक आपली होती : लडाखमध्ये हानले इथली हिमालयन चंद्र दुर्बीण. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर आहे, आरसा दोन मीटरचा आहे आणि ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. त्या निबंधाच्या लेखकांत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे देवेंद्र साहू आहेत. मराठी वाचकाला ही गोष्ट सांगायला अर्धं पान रिकामं होतं, पण त्यात पाणी रंगवलेलं होतं.

नासाचा वाटा नाही असं नाही. सात ग्रहांचा हिशेब लागला तो त्यांच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीमुळे, आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला तो नासानेच जाहीर केला. ती गोष्टही चित्रापेक्षा भारी आहे. २०१६ ला तीनच ग्रह सांगितले होते आणि तिसऱ्याचा हिशेब बसत नव्हता. ११ डिसेंबर २०१५ च्या रात्री चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणीवर टिपलेला खड्डा पुन्हा तपासला, तर त्या रात्री तीन ग्रह एकदम समोरून गेले होते! ग्रुप फोटोत एकामागे एक उभे राहून चेहरे झाकणाऱ्या पाहुण्यांसारखे. मग स्पिट्झरने सप्टेंबर २०१६ पासून वीस दिवस जवळजवळ डोळा न मिटता त्याच ताऱ्याकडे बघितलं, तेव्हा सगळे वेगवेगळे मोजता आले.

सातवा, ‘एच’, त्या वीस दिवसांत एकदाच दिसला. एका खड्ड्यावरून फेरी किती दिवसांची कसं सांगणार? इथं आमच्या मिरज जंक्शनची आठवण होते. एकेरी लाइन होती तेव्हा एका गाडीला उशीर झाला की क्रॉसिंगला थांबलेल्या दुसरीचंही वेळापत्रक हलायचं. नुसत्या उशिरावरून जुनी मंडळी सांगायची की पुढे कुठली गाडी अडली आहे. हे सात ग्रहही तसेच एकमेकांत अडकलेले आहेत. ‘बी’च्या आठ फेऱ्या होतात तेवढ्यात ‘सी’च्या जवळजवळ पाच, ‘डी’च्या तीन आणि ‘ई’च्या दोन. त्या साखळीवरून सातव्याची वेळ आधी कागदावर काढली. मग दिशा धरून ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दोन निकामी झालेल्या केप्लर अवकाश दुर्बिणीच्या नोंदी तपासल्या, आणि ‘एच’ पावणेएकोणीस दिवसांनी, सांगितल्या वेळेला हजर. शिवाय एकमेकांच्या ओढीने हे ग्रह काही मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतात, त्या चुकलेल्या मिनिटांवरून त्यांची वजनं काढली आहेत. ज्यांना कुणी पाहिलं नाही त्यांची वजनं!

राहता राहिलं ते निळं पाणी. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ‘बी’ची ताऱ्याकडची बाजू मोजली, ती साधारण दोनशे तीस अंश सेल्सिअस भरली, आणि त्यावरून तिथं हवेचं पांघरूण बहुधा नाही असं दिसलं. ‘सी’वरही दाट हवा असल्याची खूण मिळाली नाही. ‘ई’चा निकाल अजून लागायचा आहे, आणि ताऱ्यावरचे डाग तिथंही मध्ये येतात. ज्या गोष्टीचा निकाल लागलेला नाही ती आपण रविवारी सकाळी चार रंगांत छापून मोकळे झालात.

खरोखरचं छायाचित्रच हवं असेल तर तेही आहे. २००४ मध्ये, म्हणजे आम्ही गच्चीवर शुक्र बघत होतो त्याच साली, चिलीच्या परानाल इथल्या मोठ्या दुर्बिणीने एका तपकिरी बटूशेजारी एक ग्रह टिपला. तपकिरी बटू म्हणजे तारा व्हायचा राहून गेलेला गोळा. ग्रह गुरूच्या काही पट वजनाचा आणि चांगला लांब फिरणारा, म्हणून सापडला. फोटोत काय आहे? एक निळसर पांढरा डाग आणि बाजूला एक लाल ठिपका. बस्स. तोही आयआरमध्ये टिपलेला, रंग नंतर दिलेले. गिऱ्हाइकाला दाखवला तर पैसे परत मागेल. पण त्याखाली ‘छायाचित्र’ हा शब्द कुणी छापला तर मी पहिला टाळी वाजवीन.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. असल्या चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ लिहा. आमच्याकडेही हल्ली कॉम्प्युटरवर आजोबांच्या फोटोला कोट चढवून देतात, पण तो चढवलेला आहे हे घरच्यांना माहीत असतं. आणि शक्य असेल तर त्या सात खड्ड्यांचा आलेख छापा. एकाखाली एक सात रेघा, प्रत्येकीत एक खळगा, कुठला किती खोल आणि किती रुंद. पानपट्टीवाल्याला मी तो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघून त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, “ह्यो सगळ्यात खालचा एवढा रुंद का?” तो ‘एच’ होता. सगळ्यात बाहेरचा, म्हणून सगळ्यात सावकाश जाणारा. रविवारच्या चित्राबद्दल त्याने असं काही विचारलं नव्हतं.

जागेची अडचण असेल तर येत्या रविवारी माझ्या स्टुडिओची दोन कॉलमची जाहिरात ठरलेली आहे. ती पुढच्या आठवड्यात ढकला. माझी हरकत नाही.

कळावे,
आपला जुना वाचक आणि जाहिरातदार,
एक स्टुडिओवाला, मिरज